पाना हाती घेण्यापूर्वी: घरच्या घरी गाडीची दुरुस्ती, गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटारीच्या सर्व्हिसिंगचे बिल तीन गोष्टींचे असते: सुटे भाग व ऑइल, मजुरी म्हणजे गॅरेजच्या भाषेतले ‘लेबर’, आणि या दोन्हींवरचा जीएसटी. काम घरी केल्याने वाचते ती फक्त मजुरी आणि मजुरीवरचा १८ टक्के कर. सुट्या भागांची किंमत वाचत नाही. उलट पुण्याच्या नाना पेठेत रोज माल उचलणाऱ्या गॅरेजवाल्याला मिळणारी सवलत वर्षातून एकदा फिल्टर घ्यायला आलेल्या गाडीमालकाला मिळेलच असे नाही. ‘स्वतः केले की खर्च निम्म्यावर येतो’ हा सर्वांत लोकप्रिय समज इथेच डळमळतो. ऑइल बदलण्याच्या बिलात मजुरीचा वाटा लहान असतो, ऑइल आणि फिल्टरचा मोठा. क्लच प्लेटच्या बिलात मजुरी भरपूर असते, पण गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय ती प्लेट नजरेलाही पडत नाही, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गिअरबॉक्स उतरवता येत नाही. जे काम घरी सहज जमते त्यात मजुरी थोडी आणि जिथे मजुरी जास्त ते काम घरी न जमणारे, असा हा पेच आहे. नव्या गाडीच्या पहिल्या काही सर्व्हिसिंगची मजुरी तर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत.

तरीही बचत होते. ती होते किरकोळ कामांत आणि नको असलेली कामे नाकारण्यात. एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपरचे रबर, बल्ब, वॉशरचे पाणी, टायरमधली हवा यांना हत्यार लागलेच तर एखादा स्क्रू ड्रायव्हर. पुष्कळ गाड्यांत केबिन फिल्टर डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो आणि पाच-दहा मिनिटांत बदलतो. शिवाय गाडीचे मॅन्युअल वाचलेल्या मालकाला बिलावरची ‘इंजिन फ्लशिंग’सारखी कामे ओळखता येतात. कंपनीच्या वेळापत्रकात ती बहुधा नसतातच. पाना न उचलता वाचणारा हा पैसा कित्येकदा पाना उचलून वाचणाऱ्या पैशापेक्षा जास्त भरतो.

‘बाहेर हात लावला की वॉरंटी गेली’

हे वाक्य सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर सर्रास ऐकू येते. पण ते सरसकट खरे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला आणि सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती या कंपन्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा मूळ आक्षेप होता. ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही; सदोष कामामुळे जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे आयोगाने म्हटले. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यातही वाहनक्षेत्राचा समावेश आहे.

याचा अर्थ वॉरंटीत काहीही करायला मोकळीक आहे, असा नाही. केबिन फिल्टर घरी बदलल्याने स्टिअरिंगची वॉरंटी जात नाही. पण ऑइल घरी बदलले आणि वर्षभराने इंजिन जाम झाले, तर योग्य प्रतीचे ऑइल योग्य वेळी घातले होते हे दाखवण्याची वेळ मालकावर येते. ऑइल-फिल्टरची पक्की बिले आणि त्या-त्या वेळचा किलोमीटरचा आकडा जपून ठेवला नसेल, तर हा वाद जिंकणे कठीण. वॉरंटीच्या काळात इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंगला घरी हात न लावणे हाच व्यवहार आहे.

ऑइल: काळे म्हणजे खराब, जाड म्हणजे चांगले

ऑइल बदलणे हे घरच्या दुरुस्तीचे पहिले धडे गिरवण्याचे काम मानले जाते, आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच्याभोवतीच आहेत. डिपस्टिकवरचे ऑइल काळे दिसले म्हणजे ते संपले, असे नसते. इंजिनातली काजळी स्वतःत तरंगत ठेवणे हे ऑइलमधल्या रसायनांचे कामच आहे. डिझेल इंजिनात ताजे ऑइल काही किलोमीटरांतच काळे होते. बदलण्याची वेळ रंगावरून नव्हे, अंतर आणि काळावरून ठरते. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ती १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते. दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलण्याची सवय जुन्या खनिज ऑइलच्या जमान्यातून चालत आली आहे.

‘उन्हाळा कडक, तेव्हा जाड ऑइल घाला’ हा सल्ला विदर्भापासून कोकणापर्यंत मिळतो. नव्या इंजिनातल्या फटी इतक्या अरुंद असतात की अनेक पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहूनही पातळ ऑइल लागते. त्याहून जाड ऑइल थंड इंजिनात वरपर्यंत पोहोचायला उशीर लावते, आणि इंजिनाची झीज जास्त होते ती नेमकी सुरू होतानाच. बीएस-६ डिझेल गाड्यांत एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. कमी राखेचे ऑइल वापरले नाही तर तो हळूहळू तुंबतो. ऑइलची किंमत शेकड्यांत असते, त्या फिल्टरची हजारांत.

प्रत्यक्ष कामातली महागडी चूक मात्र ऑइलच्या निवडीत नसते, ती बोल्टमध्ये असते. ‘घट्ट म्हणजे सुरक्षित’ या समजुतीने चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याचा, ड्रेन बोल्ट पिळला जातो. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर आटे जातात, आणि काही रुपयांचा वॉशर बदलण्याऐवजी चेंबर बदलण्याची पाळी येते. बोल्ट किती आवळायचा हे न्यूटन-मीटरमध्ये ठरलेले असते आणि ते मोजायला टॉर्क रेंच लागतो; हाताच्या अंदाजावर आयुष्य काढलेल्या मेस्तरीचा अंदाज नवशिक्याला उसना घेता येत नाही. ऑइल जास्त भरणेही तितकेच वाईट. पातळी क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचली की ते घुसळले जाऊन त्याचा फेस होतो, आणि फेस वंगणाचे काम करत नाही.

नावाने केलेला घात

मराठीत सगळे सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. ते ऑइल नाही. डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रतीचा तो ग्लायकॉलवर आधारित द्रव आहे. नावाला भुलून ब्रेकच्या द्रवाच्या डबीत इंजिन ऑइल घातले की ब्रेकमधली रबरी सिले फुगतात आणि ब्रेकची अख्खी यंत्रणा बदलावी लागू शकते. हा द्रव हवेतली आर्द्रता शोषतो. डॉट ४ कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळतो; पाणी शोषल्यावर हा किमान आकडा १५५ अंशांवर येतो. ताम्हिणी किंवा आंबा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवले तर हा फरक पायाला जाणवतो: द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल आत जाते. म्हणून पातळी पुरेशी असली तरी तो साधारण दोन वर्षांनी बदलायचा असतो. बाटली एकदा उघडून वर्षभर ठेवली की उरलेला द्रव टाकून देण्याच्याच लायकीचा.

कूलंटची गोष्ट उलटी आहे. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, पाणी चालते’ असे म्हटले जाते. पण गोठणे टाळणे हे कूलंटच्या कामांपैकी फक्त एक. गंज रोखणे आणि उकळणबिंदू वाढवणे ही कामे महाराष्ट्रातही तितकीच लागू आहेत. बोअरवेलचे जड पाणी घातले की किटलीत धरतो तसा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखाली असल्यामुळेच आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण फिरवताच दाब जातो आणि ते उसळून अंगावर येते.

‘एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो’ हाही असाच एक समज. एसीची यंत्रणा बंदिस्त असते, गॅस वापरून संपत नाही. तो स्पष्टपणे कमी झाला असेल तर बहुधा गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या मार्चपर्यंत पुन्हा जातो. हवा कमी लागत असेल तर आधी तुंबलेला केबिन फिल्टर आणि धुळीने माखलेला कंडेन्सर पाहावा. ही दोन्ही कामे घरची. गॅस भरणे मात्र घरचे नाही: अनेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए दाबाखाली असतो, त्वचेवर उडाला तर हिमदाह करतो आणि तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट भारी आहे.

स्कॅनर, व्हिडिओ आणि डुप्लिकेट माल

गाडीच्या सॉकेटला जोडायचे ब्लूटूथ स्कॅनर आता स्वस्तात मिळतात, आणि ‘स्कॅनर खराब भाग सांगतो’ अशी समजूत त्यांच्यासोबत येते. स्कॅनर भाग सांगत नाही, लक्षण सांगतो. पी०४२० हा कोड म्हणतो की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली दिसते. त्याचे कारण कन्व्हर्टर असू शकतो, ऑक्सिजन सेन्सर असू शकतो किंवा एक्झॉस्टच्या जोडातली साधी गळतीही. कोड वाचून थेट महाग भाग मागवणे ही घरच्या दुरुस्तीतली सर्वांत खर्चीक सवय आहे. आणि कोड पुसला म्हणजे बिघाड गेला, असेही नाही. थोडे चालवल्यावर दिवा पुन्हा लागतो.

व्हिडिओंची अडचण वेगळी. परदेशातल्या त्याच नावाच्या गाडीत इंजिन वेगळे असू शकते, आणि ऑइलची प्रतही. व्हिडिओत दहा सेकंदांत निघालेला बोल्ट रत्नागिरी किंवा पणजीच्या खाऱ्या हवेत पाच पावसाळे काढलेल्या गाडीवर दिवसभर निघत नाही, आणि निघतो तेव्हा अर्धाच हातात येतो.

सुट्या भागांत ‘कंपनीच्या डब्यातलेच खरे, बाकी डुप्लिकेट’ ही विभागणी अपुरी आहे. दिवे, फिल्टर, ब्रेक पॅड हे बरेचसे भाग मोटार कंपन्या स्वतः बनवत नाहीत. ते बनवणारे कारखाने तेच किंवा त्याच दर्जाचे भाग स्वतःच्या नावाने कमी किमतीत विकतात. खरी नक्कल तिसरीच असते: नामांकित डब्याची हुबेहूब छपाई आणि आत निकृष्ट कागदाचा फिल्टर. त्यावर उपाय एकच, अधिकृत विक्रेता आणि पक्के बिल.

जिथे बचतीचा प्रश्नच येत नाही

गाडीसोबत मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यासाठी असतो, गाडीखाली झोपण्यासाठी नव्हे. बेसमेंटच्या उतारावर तो सहज सरकतो. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे त्याला आधार देत नाहीत. ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. गाडीखाली जायचेच असेल तर सपाट काँक्रीट, हँडब्रेक, जमिनीवरच्या चाकांना अडसर आणि वजनाची क्षमता लिहिलेले पोलादी स्टँड, एवढे तरी हवेच. चाकाचे नट गाडी उचलण्याआधी सैल करावेत, आणि पुन्हा आवळताना एकाआड एक आवळावेत.

बॅटरी बदलणे सोपे आहे, पण काढताना ऋण टर्मिनल आधी आणि बसवताना शेवटी. याचे कारण असे की गाडीचे सगळे पत्र्याचे अंग ऋण टर्मिनलला जोडलेले असते. धन टर्मिनल खोलताना पाना पत्र्याला टेकला तर जोरदार ठिणगी पडते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत साधी, स्वस्त बॅटरी बसवली तर ती लवकर मरते.

एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्या आणि इलेक्ट्रिक वा हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबल यांना घरी कोणीही हात लावू नये. नारिंगी केबलमध्ये अनेक गाड्यांत ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो. सीएनजीची टाकी सुमारे २०० बार दाबाने भरली जाते, टायरमध्ये तो जेमतेम सव्वादोन बार असतो. सीएनजी किटचे काम अधिकृत केंद्रातच करावे, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी चुकवू नये.

दुरुस्ती आणि बदल यांत कायदा फरक करतो. झिजलेला भाग बदलायला परवानगी लागत नाही. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. अपघातानंतर विम्याचा दावा करायचा असेल, तर सर्वेक्षकाने पाहण्याआधी चेपलेला पत्राही सरळ करू नये. नुकसानीचा पुरावाच त्यामुळे पुसला जातो.

उरलेल्या काळ्या ऑइलचे काय करायचे, हा प्रश्न काम संपल्यावर सुचतो. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. गटारात, नाल्यात किंवा वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांवर ओतण्याची ती वस्तू नाही. ते बंद कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपात द्यावे. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरीही घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. नवी घेताना दुकानदार ती परत घेतो, आणि शिशाच्या भावाने बिलातून काही रक्कम वजा करतो.