आटत्या डोहातील जीवसृष्टी

मुंबई-नाशिक महामार्गावरील वडपे (भिवंडी) परिसर आज गोदामांसाठी ओळखला जातो. पावसाळ्यात या भागातील ओहोळ दुथडी भरून वाहतात. फाल्गुन-चैत्रात मात्र बहुतेकांचे पात्र कोरडे पडते व कोठे कोठे डोह तेवढे उरतात. शेजारच्या शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी पुरविणारी धरणे असूनही कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोहातील मुक्या जीवांसाठी तर टँकरही येत नाही.

अशा जीवांचे काय होते, याचा अभ्यास अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठातील जीवशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड लायटल यांनी ॲरिझोनाच्या अवर्षणप्रवण डोंगरांत केला. तेथील ओढ्यांत ढेकणाच्या गणातील एक मोठा शिकारी जलकीटक राहतो. मादी नराच्या पाठीवर अंडी घालते आणि पिले बाहेर येईपर्यंत नर ती वाहतो. त्याला उडता येत नाही; परंतु जोराचा पाऊस सुरू होताच, पूर येण्यापूर्वीच, तो काठावर चढतो. पाऊस हीच त्याची पुराची सूचना, हे लायटल यांनी दाखवून दिले.

दुष्काळापुढे मात्र हा कीटक हतबल ठरतो. लायटल व त्यांचे सहकारी मायकेल बोगन यांनी दोन बारमाही डोहांची 8 वर्षे पाहणी केली : डोह पूर्णपणे आटण्यापूर्वी 4 वर्षे व नंतर 4 वर्षे. 2011 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाणी परतले, परंतु 6 जाती नाहीशा झाल्या; त्यांत हा कीटकही होता. मोठे शिकारी गेल्यामुळे लहान शिकारी वाढले. काही जाती तर 40 पटींपर्यंत. जातींची सरासरी संख्या पूर्वीइतकीच राहिली, म्हणून केवळ मोजदाद करणाऱ्यास ही हानी दिसलीच नसती.

आपल्या तळ्या-डबक्यांतही अंडी पाठीवर वाहणारा याच कुळातील कीटक आढळतो. तो डासांच्या अळ्या खातो. पाणी गाळल्यावर गाळण्यातील जीव त्याच जलाशयात परत सोडण्याची, 'जिवाणी'ची, परंपरा जैन कुटुंबांना परिचित आहे. तोच विवेक ओढ्याकाठी हवा. पंप लावताना, गाळ उपसताना वा भराव टाकताना एखादा खोल डोह पावसापर्यंत राखला, तर त्यातील जीव पुढील प्रवाहात पुन्हा पसरू शकतील.