पावणेदोन सेकंदांची साक्ष

जयपूरला सवाई जयसिंहांनी उभारलेल्या जंतरमंतर वेधशाळेतल्या सम्राट यंत्रावर सावलीची सर्वांत बारीक खूण दोन सेकंदांची. विश्व अधिकाधिक वेगानं का पसरतंय, या वादातल्या कितीतरी सिद्धांतांचा निकाल त्याहून कमी वेळात लागला.

गैरसमज: या वाढत्या वेगाचं कारण डार्क एनर्जी, हे सिद्ध झालं आहे.

१९९८ मध्ये दोन गटांना दूरचे तारास्फोट अपेक्षेपेक्षा मंद दिसले. त्यावरून विस्ताराचा वेग वाढतोय हे कळलं, कारण कळलं नाही. डार्क एनर्जी हे त्या कारणाला दिलेलं नाव. दुसरी वाट अशी, की अतिप्रचंड अंतरांवर गुरुत्वाचाच नियम वेगळा असेल. हेच सुधारित गुरुत्व.

गैरसमज: म्हणजे आइनस्टाइन चुकले.

सूर्यमालेत त्यांची गुरुत्वाची गणितं चोख उतरतात. नव्या सिद्धांतालाही इथं तेच उत्तर द्यावं लागतं.

आपल्याकडे हा विषय निघाला की जयंत नारळीकरांचं नाव येतंच. पण गुरुत्वाचा हॉइल-नारळीकर सिद्धांत १९६४ चा, १९९८ च्या शोधाच्या ३४ वर्षं आधीचा. त्याचा प्रश्न वेगळा होता.

गैरसमज: हे सगळे कागदावरचे खेळ, तपासणार कसे?

हा गैरसमज मला सर्वांत जास्त सलतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची गुरुत्वीय लहर पृथ्वीवर टिपली गेली. पाठोपाठ १.७ सेकंदांनी त्याच टकरीचे गॅमा किरण आले. दोघांच्या वेगात कोटीत एका भागाचा जरी फरक असता, तरी त्यांच्या येण्यात तेरा वर्षांचं अंतर पडलं असतं! गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा मानणारे अनेक सिद्धांत तिथंच बाद झाले. वेगाला हात न लावणारे काही अजून टिकून आहेत, त्यांची परीक्षा दीर्घिकांच्या रचनेवरून चालू आहे.

अशा टकरी आकाशात नेमक्या कुठं झाल्या, हे ठरवायला दूरदूरच्या वेधशाळा लागतात. त्यांतली एक, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.