नफ्याचे अंदाज, शेअरबाजारातील
सार्वजनिक कंपनीस आगामी काळात दर शेअरमागे किती नफा होईल, याविषयी विश्लेषकांनी केलेली अनुमाने. त्यांची सरासरी ही बाजाराची अपेक्षा मानली जाते व ती शेअरच्या किमतीत आधीच सामावलेली असते. म्हणून गतवर्षीचा ८ रुपये नफा यंदा ९ रुपये झाला, तरी अपेक्षा १० रुपयांची असल्यास भाव सामान्यतः उतरतो. नफ्यातील अनपेक्षित बदल व किमती यांचा संबंध बॉल आणि ब्राउन यांनी १९६८ मध्ये दाखविला. अंदाज पक्षपाती असल्यास मात्र किमतीच फसव्या ठरतात. अमेरिकेत अशा पक्षपाताच्या आरोपांवरून २००३ मध्ये दहा वित्तसंस्थांनी सुमारे १४० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. भारतात सेबीच्या २०१४ च्या विनियमांनी विश्लेषकांवर आपले हितसंबंध उघड करण्याचे बंधन घातले.