वीजदर ठरतो कुठे? मंठ्यातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

दरवाढ झाली की मंठ्यात पहिला राग निघतो तो रीडिंग घ्यायला येणाऱ्या पोरावर आणि दुसरा नगरसेवकावर. दर मात्र दोघांच्याही हातात नाही.

गैरसमज : गावचा वीजदर नगरपंचायत ठरवते.
वस्तुस्थिती : मंठ्याला वीज महावितरण पुरवते आणि नगरपंचायत स्वतःच तिची ग्राहक आहे. पथदिव्यांचं आणि पाणीपुरवठ्याच्या पंपांचं बिल तिलाही भरावं लागतं. अमेरिकेत ऑस्टिन शहराची वीजसेवा शहराच्याच मालकीची आहे आणि तिचे दर तिथले नगरसेवक मंजूर करतात. आपल्याकडे तशी सोय नाही. मुंबईची 'बेस्ट' महापालिकेचीच, पण तिचेही वीजदर महापालिका सभागृहात ठरत नाहीत.

गैरसमज : मग महावितरण किंवा मंत्री ठरवत असतील.
वस्तुस्थिती : विद्युत अधिनियम, २००३ नुसार हा अधिकार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा. महावितरणने वीजखरेदी, पारेषण, देखभाल, पगार, व्याज असा सगळा हिशेब आयोगापुढे मांडायचा. आयोग तो तपासतो, न पटणारा खर्च छाटतो आणि मगच दर ठरवतो. त्यात दुरुस्ती हवी असेल तर आयोगाकडेच फेरविचार मागता येतो आणि निर्णयाविरुद्ध दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणात जाता येतं.

गैरसमज : शेतीपंपाची वीज मोफत, म्हणजे तिला दरच नाही.
वस्तुस्थिती : दर आहेच. २०२४ च्या बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल शेतकऱ्याऐवजी राज्य सरकार भरतं. कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे सरकारला सवलत जाहीर करता येते, पण तिचे पैसे वीजकंपनीला आगाऊ द्यावे लागतात.

गैरसमज : शंभर युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो.
वस्तुस्थिती : घरगुती बिलात १०८ युनिट आले, तर पहिल्या १०० ना खालचाच दर लागतो, वरचा दर फक्त आठ युनिटना. रीडिंगला उशीर झाला असेल, तर स्लॅबही दिवसांच्या प्रमाणात वाढवून धरायचे असतात. बिल हातात आलं की आकड्याआधी हे दिवस मोजा.

गैरसमज : बिलातला सगळा पैसा महावितरणच्या खिशात जातो.
वस्तुस्थिती : स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार महावितरणकडे जमा होतात, पण त्यातला मोठा वाटा वीज विकत घेण्यातच जातो. 'वीज शुल्क' ही ओळ वेगळी. तो राज्य सरकारचा कर आहे, घरगुती ग्राहकाला १६ टक्के.

गैरसमज : आपलं तिथं कोण ऐकतंय?
वस्तुस्थिती : दरवाढीचा प्रस्ताव आला की त्याचा गोषवारा वर्तमानपत्रात छापणं कलम ६४ नुसार बंधनकारक आहे. ठरलेल्या मुदतीत कोणीही सूचना-हरकत पाठवू शकतो आणि तिचा विचार करूनच आयोगाला आदेश काढावा लागतो. मंठ्याच्या व्यापाऱ्यालाही हा हक्क आहे आणि नगरपंचायतीलाही, कारण पथदिव्यांचं बिल शेवटी गावाच्याच तिजोरीतून जातं.

रीडिंग चुकलं असेल, तर तक्रार महावितरणच्या कार्यालयात करा. तिथं दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. दरच पटत नसेल, तर हरकत आयोगाकडे आणि तीही आदेश निघण्याआधी. नवा दर लागू झाल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा मुदतीत पाठवलेल्या एका लेखी हरकतीला कायद्यात जास्त वजन आहे.