फुलोरा, कीड आणि वैद्याची दृष्टी

औषधी द्रव्य कोणत्या भूमीतून, कोणत्या ऋतूत व कोणत्या अवस्थेत घ्यावे, याचे विवेचन चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात केले आहे. ऊन, अग्नी, जल, वायू व जंतू यांनी ज्याचे गंध, वर्ण, रस बिघडवलेले नाहीत असेच द्रव्य ग्राह्य, हा त्यातील आशय. म्हणजे द्रव्यग्रहणापूर्वी वैद्यासमोर दोन प्रश्न उभे राहतात: हा वृक्ष तोच आहे काय, आणि तो निरोगी आहे काय? आज साल, डिंक व फुले वाळलेल्या स्वरूपात पोत्यांतून आपल्यापर्यंत येतात. या प्रश्नांची उत्तरे मात्र झाडाखालीच, विशेषतः फुलोऱ्याच्या काळात, मिळतात.

अशोकाचेच उदाहरण घ्यावे. कुंपणालगत सरळसोट वाढणारा, नागमोडी कडांच्या लांब, साध्या पानांचा वृक्ष शहरात अशोक म्हणून ओळखला जातो. तो सीताफळाच्या कुळातील असून त्याची फुले फिकट हिरवट-पिवळी, सहा अरुंद पाकळ्यांची असतात. रक्तप्रदरात योजला जाणारा सीतेचा अशोक (सराका असोका) शिंबी कुळातील आहे. त्याची पाने संयुक्त, कोवळी पालवी तांबूस व लोंबती, फुले नारिंगी आणि पुढे तांबडी होणारी. या फुलांना पाकळ्या नसतातच. रंगीत दिसतो तो निदलपुंज होय. खोट्या अशोकाच्या सालीची खऱ्या सालीत भेसळ होते, हे सर्वश्रुत आहे. येथे कीटकही साक्ष देतात. हिरव्या ठिपक्यांच्या एका काळ्या फुलपाखराच्या अळ्या खोट्या अशोकाची पाने खातात आणि त्याच अळ्या सीताफळावरही आढळतात. जो कुळभेद फुलपाखराला कळतो, तो वैद्याला कळू नये हे शोभणारे नाही.

वसंतात पळस, पांगारा आणि सावर हे तिन्ही वृक्ष निष्पर्ण होऊन तांबड्या फुलांनी बहरतात. पळसाला पाने तीनच, हे खरे; परंतु पांगाऱ्याच्या पानालाही तीनच पर्णिका असतात. पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात, पळसाला ते नसतात. सावरीलाही काटे असतात, पण तिचे पान हाताच्या पंजासारखे, बहुधा पाच ते सात पर्णिकांचे असते.

या तीन वृक्षांवरील कीटकांचा विचार अधिक उद्बोधक आहे. पांगाऱ्याची पाने व देठ गाठाळलेले दिसले, तर ते बहुधा 2004 मध्ये प्रथम शास्त्रीय वर्णन झालेल्या एका सूक्ष्म गांधीलमाशीचे कार्य असते. अशी पाने औषधार्थ वर्ज्य समजावीत. उलट पळसाच्या डहाळ्यांतील रस शोषणारा लाखेचा कीटक आपल्याला लाक्षा देतो. सावरीचा मोचरसही निरोगी सालीला चिरा देऊन मिळत नाही. कीड लागून वा कुजून साल बिघडली, की तो पाझरतो. वृक्षाची व्याधी येथे रुग्णाचे औषध होते. म्हणून कीड दिसताच फवारणी करणे ही वैद्याची रीत नव्हे. कीटक कोणता, तो कोणत्या अंगावर आहे आणि आपल्याला कोणते अंग हवे आहे, याचा विचार आधी व्हावा.

बहाव्याची पाने अळ्यांनी खाल्ली, तरी त्याला पुन्हा पालवी फुटते. औषधाचा मगज शेंगेत असतो. ती शेंग मात्र हलवून पाहावी. खुळखुळणारी, वा पृष्ठभागावर छिद्र असलेली शेंग घेऊ नये. ज्या खोडावर भुसा व विष्ठा यांची जाळीदार पट्टी दिसते, तेथे साल खाणारी अळी असते. दिवसा ती खोडातील बिळात लपते. अशा खोडाची साल घेऊ नये.

सीतेचा अशोक आंतरराष्ट्रीय यादीत असुरक्षित म्हणून नोंदला गेला आहे. खोडाभोवतीची साल पूर्ण गोलाकार काढली, तर झाड मरते. अशा वेळी ओळखीतील चूक रुग्णाला बाधते आणि ग्रहणातील अविवेक वृक्षाला. प्रत्येक वैद्याने आपल्या परिसरातील एक औषधी वृक्ष निवडून वर्षभर त्याची पालवी, फूल, फळ व कीड यांची तारीखवार नोंद ठेवावी, अशी विनंती आहे. ही नोंदवही पोत्यातील सालीची पारख करण्यास निश्चित उपयोगी पडेल.