उंदराचं हृदय आणि माणसाचा झटका

कोलकात्याच्या राजाबाजार सायन्स कॉलेजात कलकत्ता विद्यापीठाचा शरीरक्रियाशास्त्र विभाग आहे. तिथल्या देबाशीष बंदोपाध्याय आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना आयसोप्रोटेरेनॉल हे औषध टोचलं, की हृदय बेफाम धडधडतं, त्याला लागणारा प्राणवायू रक्तातून पुरत नाही आणि स्नायू मरू लागतो. १९५९ मध्ये रोना आणि सहकाऱ्यांनी रूढ केलेली ही पद्धत स्वस्त आहे. छाती उघडावी लागत नाही. कोलकात्यात उंदरांना आधी मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक दिलं, तेव्हा ही इजा कमी झाली.

पुढे स्पेनमध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांना अँजिओप्लास्टीच्या वेळी मेलॅटोनिन दिलं गेलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: मेलेल्या स्नायूचा आकार घटला नाही.

म्हणून कोलकात्याचं काम वाया गेलं, असं मला मुळीच वाटत नाही. तिथं विचारलेला प्रश्नच निराळा होता. आयसोप्रोटेरेनॉलच्या उंदरात कुठलीही रक्तवाहिनी गुठळीनं बुजलेली नसते आणि औषध इजेच्या आधीच शरीरात गेलेलं असतं. रुग्ण मात्र छातीत कळ आल्यावर, बहुतेकदा उशिरा, सोबत मधुमेह आणि रक्तदाब घेऊन येतो.

प्रयोगात हृदयाची रक्तवाहिनी प्रत्यक्ष दोऱ्यानं बांधून बंद केली, तरी प्राणी कोणता, यावर बरंच ठरतं. गिनीपिगच्या हृदयात आडवाटेच्या रक्तवाहिन्या इतक्या असतात, की एक वाट बंद झाली तरी स्नायू सहसा मरत नाही. कुत्र्यांत त्यांचं प्रमाण जनावरागणिक बदलतं. डुकरात त्या फारच थोड्या, म्हणून या बाबतीत डुकराचं हृदय निरोगी माणसाच्या हृदयाच्या जवळचं. पण डुक्कर सांभाळणं, भूल देणं, शस्त्रक्रिया करणं हा खर्च आपल्या किती विद्यापीठांना परवडेल?

अमेरिकेत काही प्रयोगशाळांनी एकत्र येऊन एक चांगला पायंडा पाडला. रक्तपुरवठा आधी थोडा थोडा वेळ थांबवून हृदयाला सरावू दिलं, तर पुढची मोठी इजा कमी होते, हे १९८६ मध्ये कुत्र्यांत दिसलं होतं. या गटानं तोच प्रयोग उंदीर, ससा आणि डुक्कर अशा तिघांत, वेगवेगळ्या ठिकाणी, एकाच ठरलेल्या पद्धतीनं केला. कोणत्या प्राण्यावर उपचार झाला, हे मोजणाऱ्याला ठाऊक नव्हतं. २०१५ मध्ये त्यांनी निष्कर्ष दिला: संरक्षण तिन्ही प्राण्यांत टिकलं. कोलकाता, पुणे, मुंबईच्या प्रयोगशाळांनी असा गट जमवावा, त्यात म्हातारे आणि मधुमेही उंदीरही घ्यावेत आणि औषध रक्तवाहिनी बंद झाल्यानंतर द्यावं.