धोका दोन प्रकारचा

शेलू हे कर्जत तालुक्यातले, वांगणी आणि नेरळ यांच्यामधले रेल्वे स्थानक. येथून लोकलने दादरला उतरले की परळचे टाटा स्मारक रुग्णालय जवळच. १९४१ पासून ते उभे आहे. तरीही वीटभट्टीवर राबणारी किंवा शहरात धुण्याभांड्याला जाणारी बाई तेथे पोचते ती अनेकदा गाठ वाढून जखम झाल्यावरच. हे अंतर रुळांनी मोजता येत नाही. ते कसे निर्माण होते, याचा विचार कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी केला पाहिजे.

स्तनाच्या कर्करोगाविषयी बोलताना 'धोका' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. पहिला धोका रोग होण्याचा. वय वाढते तसा तो वाढतो. पाळी लवकर सुरू होणे, उशिरा जाणे, मूल नसणे किंवा उशिरा होणे, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा, मद्यपान यांनी तो वाढतो. अंगावर पाजल्याने कमी होतो. आई, बहीण, मुलगी यांना हा रोग झाला असेल तर अधिक सावध राहावे. वडिलांकडचे नातेही तितकेच मोजावे. पण 'आमच्या घरात कुणाला नव्हता' या समजुतीत राहू नये. वारशाने येणारे रुग्ण शंभरात पाच-दहाच; बाकीच्या बहुतेकींच्या घराण्यात हा रोग आढळत नाही.

दुसरा धोका रोगाने मरण्याचा. हा मात्र बऱ्याच अंशी समाजाने घडवलेला आहे. मुंबईची आणि बार्शीच्या ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी पाहिली तर खेड्यात हा रोग शहरापेक्षा कमी होतो. परंतु ज्या बाईचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल, जिला छातीचे दुखणे घरातही उच्चारता येत नाही, तिच्या बाबतीत रोग कमी असणे हा दिलासा ठरत नाही. सुरुवातीची गाठ सहसा दुखतही नाही, आणि न दुखणाऱ्या गाठीसाठी मजुरी कोण बुडवील? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या हजार स्त्रियांपैकी स्तनतपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया केवळ नऊच्या आसपास निघाल्या.

मग यंत्रांशिवाय काही करता येते काय? याचे उत्तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून आले. टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांची चाचणी सुरू केली. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील रुग्ण ३७ टक्के, न तपासलेल्यांत ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात तसा लाभ सिद्ध झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

उरलेल्या निम्म्या स्त्रियांना माहिती मिळाली, नियमित तपासणी मिळाली नाही. गरीब स्त्रियांना असे तुलनेसाठी ठेवणे न्याय्य होते काय, हा प्रश्न अशा चाचण्यांबाबत विचारला गेला आहे, आणि तो विचारलाच पाहिजे. ज्यांच्या देहांवरून हे ज्ञान मिळाले, त्यांच्याच वर्गातल्या बायांपर्यंत ते पोचत नसेल, तर ते ज्ञान त्यांचे ऋणी आहे.

ऋण फेडण्याची वाट कागदावर आहे. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा स्तनतपासणी व्हावयाची आहे. आशाताईच्या अर्जात गाठ, बोंडीतून रक्तमिश्रित स्राव, आकारातला बदल यांची विचारणा असते. कातडी ओढली जाणे, बोंडी आत जाणे, काखेत गाठ येणे, हीही लक्षणे लक्षात ठेवावीत. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवावे, शेजारणीने नव्हे. रोग निघालाच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचारांची तरतूद आहे.

वाडीत, वस्तीत, भट्टीवर तपासणी न्यावी; त्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये, असा आग्रह धरावा. अर्ज भरून घेतला एवढ्यावर थांबू नये. गाठ सापडलेल्या बाईसोबत लोकलमध्ये कोण बसणार, हे आधी ठरवावे.